नेम मोडला नाहीस, उद्यापन तेवढं राहिलंय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २३ वर्षांची आहे. घर सोलापूरला. पुण्यात कर्वेनगरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मे महिन्यात सीए फायनलचे दोन्ही ग्रुप द्यायचे आहेत. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या, दोन वर्षांत ऑफिसात कॉफीचं मशीन होतं. बटण दाबलं की कॉफी, पैसे द्यायचे नाहीत, कोणी विचारायचं नाही. गेल्या सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या गर्दीत दिवसाला सहा-सात कप व्हायला लागले. एक दिवस बसल्या जागी छातीत जोरात धडधडायला लागलं आणि हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. "कॉफी कमी करा," म्हणाले. मी त्याच दिवशी पूर्ण बंद केली. पुढचे तीन दिवस डोकं फुटतंय असं वाटत होतं, तरी ऑफिसला गेले, माझ्या फायली संपवल्या. सगळ्यांना सांगितलं की मी कॉफी सोडली.

साडेचार महिने एक घोट घेतला नाही. रात्री साडेदहाला मैत्रिणी कॉफी करायच्या तेव्हा मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे. फेब्रुवारीत पहिली मॉक टेस्ट दिली. फायनान्शियल रिपोर्टिंगला ३१ मार्क पडले. त्या रात्री मैत्रिणीने काही न विचारता माझ्यापुढे मोठा मग आणून ठेवला आणि मी प्यायले. आता महिना झाला, रोज तीन मग होतात. उठल्या उठल्या एक, दुपारी चारला एक, रात्री साडेदहाला एक. दीडला झोपते, सहाला उठते, तरी सकाळी डोकं जड असतं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एवढासा नेम पाळता येत नाही, तर सीए काय होणार?" ते रागाने बोलले नाहीत, पण पुस्तक उघडलं की तेच वाक्य समोर येतं.

हे व्यसन आहे का? परीक्षेआधी पुन्हा बंद करू का? की चहावर जाऊ?

– एक विद्यार्थिनी, पुणे

*

प्रिय मुली,

तुला अभ्यासाला बसायचं आहे, म्हणून उत्तर आधी देते. परीक्षेपर्यंत कॉफी पूर्ण बंद करू नकोस. रात्री साडेदहाचा मग मात्र आजच थांबव. चहावर जाण्याची गरज नाही. हे असं का म्हणते ते पुढे सविस्तर सांगते, पण त्याआधी तुझ्या बाबांच्या वाक्याबद्दल बोलू. कॉफीचं काय करायचं ते तू महिनाभरात शिकशील. ते वाक्य मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये तुझ्याबरोबर येऊन बसलेलं मला चालणार नाही.

बाबांनी "नेम" हा शब्द वापरला. चांगला शब्द आहे, तोच घेऊ. आपल्याकडे नेम कसा धरतात ते तू घरी पाहिलं असशील. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं सोडतं, कोणी गूळ सोडतं. कार्तिकी एकादशीला नेम संपतो. मग त्याचं उद्यापन करायचं, जी वस्तू सोडली होती ती आधी दुसऱ्या कोणाला द्यायची आणि मग आपण खायची. चार महिन्यांनी पानात वांग्याची भाजी दिसली म्हणून आजवर कुठल्या आजीला कोणी म्हटलं आहे का, की तुला एवढासा नेम पाळता आला नाही? उलट तिने चार महिने पाळला म्हणून घरात तिचं कौतुक होतं. काशीला जाऊन आल्यावर आवडीची वस्तू कायमची सोडणारी माणसंही असतात. ती प्रथा वेगळी, तिचं वय वेगळं. चातुर्मास मात्र सगळ्यांसाठी असतो, आणि त्याला पहिला दिवस असतो तसा शेवटचाही दिवस असतो.

तुझ्या नेमाला पहिला दिवस होता, शेवटचा ठरवलाच नव्हतास. सप्टेंबरात धडधड झाली, तू घाबरलीस, डॉक्टर "कमी करा" म्हणाले आणि तू "बंद" ऐकलंस. कधीपर्यंत, हे पत्रात कुठेच नाही. ज्याला शेवटच नाही ते कधी ना कधी मोडणार, आणि मोडलं की माणसाला वाटतं आपणच मोडके. साडेचार महिने म्हणजे चातुर्मासापेक्षा पंधरा दिवस जास्त पाळलंस. फक्त परतलीस ती रात्री, मान खाली घालून, चोरी केल्यासारखी. तुझं काय चुकलं असेल तर एवढंच, आणि ते दुरुस्त करता येतं. कसं ते शेवटी सांगते.

माझ्याही बाबतीत हे झालं आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहिते आहे. १९८४ साली मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी.कॉम. करत होते. आमच्या घरी कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी, आजारी माणसासाठी आणि परीक्षेच्या दिवसांत. आईने मला एक पत्र्याचा डबा भरून कॉफीपूड दिली होती. ती महाग असायची, आई स्वतःसाठी कधीच करून घ्यायची नाही. दुसऱ्या वर्षाला मला कमी गुण पडले. मला वाटलं, आईची कॉफी पिऊन मी हे असं करते? मी ठरवलं, पहिला वर्ग मिळेपर्यंत कॉफीला हात लावणार नाही. शेवटच्या वर्षाला ५८ टक्के पडले. दोन टक्क्यांनी वर्ग गेला. आता नेम सुटणार कसा? एम.कॉम.ला आले तरी तो डबा कॉटखाली तसाच होता. आतली पूड ओल धरून दगड झाली होती. कोणी कॉफी पुढे केली की मला ते दोन टक्के आठवायचे.

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी तापाने पडले. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी संध्याकाळी माझ्या खोलीत कॉफी घेऊन आल्या. जायफळाचा वास दारातूनच आला. मी म्हटलं, मावशी, माझा नेम आहे. त्यांनी विचारलं, कशाचा? मी सगळं सांगितलं. त्या कॉटच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, ह्यो नेम न्हवं. ही शिक्षा झाली. नेमाला दिस मोजल्यालं असत्यात." मी ती कॉफी प्यायले. त्या कपाची कड तुटलेली होती, ती ओठाला लागू नये म्हणून मी कप फिरवून धरला होता, एवढं आजही आठवतं. पहिला वर्ग मला एम.कॉम.लाही मिळाला नाही. पण त्या संध्याकाळनंतर मी जो अभ्यास केला तो मोकळ्या मनाने केला, आणि पुढे ३१ वर्षं तोच विषय शिकवला.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू सहज लिहून पुढे गेलीस. डोकं फुटत असताना तीन दिवस ऑफिसला गेलीस आणि फायली संपवल्यास. ते दुखणं काय असतं, तुला कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. जागेपणी आपल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य हळूहळू साठत जातं. ते जसजसं साठतं तशी झोप दाटते. हे द्रव्य मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागा कॅफीन अडवून धरतं, म्हणून आपल्याला तरतरी वाटते. झोपेचं देणं काही फिटलेलं नसतं. तू हिशेबातली आहेस, तुझ्या भाषेत सांगायचं तर देणं तसंच आहे, ताळेबंदात दाखवलेलं नाही. रोज सहा-सात कप प्यायला लागलं की मेंदू त्या जागा वाढवतो. मग एक दिवस कॅफीन एकदम थांबलं की सगळ्या वाढीव जागा मोकळ्या होतात, आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. डोकं ठणकतं, चिडचिड होते, समोरची ओळ चारदा वाचावी लागते. हा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि काही जणांना ८-९ दिवसांपर्यंत राहतो. शरीर हे सगळं करत असताना तू टॅक्स ऑडिटच्या फायली पुऱ्या केल्यास. तुला इच्छाशक्ती कमी आहे हे मी मान्य करणार नाही. बाबांनाही ही गोष्ट माहीत नसणार. त्यांना सांग.

याच कारणासाठी आता एकदम बंद करू नको म्हणते. परीक्षेला सात आठवडे आहेत. त्यातला एक आठवडा ठणकणाऱ्या डोक्यात घालवण्यासारखा नाही. आणि ऐन पेपरच्या पंधरवड्यात तर कॉफीच्या बाबतीत कुठलाच नवा प्रयोग करायचा नाही, वाढवण्याचाही नाही आणि सोडण्याचाही नाही.

आता साडेदहाचा मग. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझ्या सकाळच्या जडपणाचं मूळ तिथे आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण ५ तास लागतात. कोणाला ३ लागतात, कोणाला ७. पाळीच्या तक्रारीसाठी तुला हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, ते लक्षात ठेव. तू साडेदहाला मग भरतेस आणि दीडला आडवी होतेस. त्या वेळी निम्म्याहून बरंच जास्त कॅफीन अंगात असतं. निम्म्यावर यायला पहाटेचे साडेतीन वाजतात, आणि सहाला तुझा गजर होतो. २०१३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी मोजून पाहिलं होतं, झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तरी रात्रीच्या झोपेतला एक तासाहून जास्त वेळ जातो. तुझा डोस त्याहून लहान आहे, पण अंतरही ३ तासांचंच आहे. म्हणजे झोपतेस साडेचार तास, आणि तेही अर्धवट. सकाळी डोकं जड, म्हणून उठल्या उठल्या मग. दुपारी पुन्हा पेंग येते, म्हणून चारला मग. संध्याकाळ उशिरापर्यंत खेचायची, म्हणून साडेदहाला मग. हे चक्र तू रोज एका दिवसाने पुढे ढकलते आहेस.

आणि तुझ्या अभ्यासाला झोपच हवी आहे. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम आपण झोपेत असताना चालतं. कन्सॉलिडेशनची, म्हणजे अनेक कंपन्यांचे हिशेब एकत्र करायची, गणितं तू रात्री एकला सोडवलीस आणि पुढे साडेचार तास अर्धवट झोपलीस, तर त्यातलं पुष्कळ गळून जातं. ३१ मार्कांमागे याचाही हात असणार. त्या वेळी कॉफी नव्हती, पण झोप होती का? कॉफी नसलेल्या साडेचार महिन्यांत तू किती वाजता झोपत होतीस ते लिहिलं नाहीस. मला वाटतं, तेव्हाही दीडच वाजत असणार. असं असेल तर कॉफी सोडून तू एक वस्तू बदललीस, दिवस मात्र तोच ठेवलास.

कॉफीचा इतिहास शोधताना मला एक गोष्ट सापडली होती, ती माझ्या मनात राहिली आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणासाठी जागं राहायला कॉफी प्यायचे. त्याच परंपरेतले बाबा बुडन येमेनहून सात बिया घेऊन आले आणि त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं आपल्याकडे सांगतात. त्या साधकांना रात्र जागूनच काढायची होती, म्हणून ते रात्री कॉफी घ्यायचे. तुला रात्री झोपायचं आहे.

पण साडेदहाच्या मगात फक्त कॉफी नाही, हे मला दिसतं. पूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य तुझ्या बाबांचं नव्हतं. "मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे," हे ते वाक्य. साडेचार महिने रोज रात्री बाहेर दोघी जणी कपात चमचा हलवत दिवसभराचं बोलत बसायच्या आणि तू आत एकटी. ३१ मार्क पडले त्या रात्री तुझ्या मैत्रिणीने काही विचारलं नाही, मग आणून ठेवला. तुला त्या वेळी कॅफीन नको होतं गं, तुला बाहेर येऊन बसायचं होतं. ते बसणं सोडू नकोस. साडेदहाला दार उघडं ठेव, त्यांच्यात जाऊन बस, हातात कपही असू दे. कपात गरम दूध आणि चिमूटभर जायफळ घाल, किंवा हळद घाल. कॉफीच्या चवीवाचून चैनच पडत नसेल तर चिकोरीची पूड कुठे मिळाली तर बघ. चिकोरी हे एक मूळ असतं, भाजून पूड करतात, रंग आणि कडवटपणा कॉफीसारखा, पण त्यात कॅफीन नसतं. आपल्याकडच्या पुष्कळ कॉफीपाकिटांत ती मिसळलेलीच असते. किती टक्के, ते पाकिटावर छापावं लागतं. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही. तुमच्या डब्यातलं पाकीट एकदा उलटून वाच. दिवसाच्या कपासाठीही ३०-४० टक्के चिकोरीवालं मिश्रण तुला बरं पडेल.

मोजण्याबद्दल. तू "तीन मग" लिहिलंस आणि ऑफिसचे "सहा-सात कप" लिहिलेस, जणू आता निम्म्यावर आलीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलीच्या कपाचा हिशेबही त्यात आहे. उकळून किंवा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. तुमचा मोठा मग ३०० मिलीचा धर आणि पूडही त्याच प्रमाणात दुप्पट, तर इन्स्टंटच्या एका मगात १०० ते १३० झाले. तीन मगांचे ३०० ते ३९०. तू मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे आहेस, आणि मग "तीनच" म्हणून स्वतःला समजावते आहेस. मापाचा कप घेऊन एकदा तो मग पाण्याने भरून पाहा, किती भरतो ते कळेल.

चहावर जाऊन फारसं साधत नाही, ते याच आकड्यांवरून दिसेल. तीन मग कॉफी सोडून दिवसभरात सहा चहा झाले की कॅफीन जवळपास तेवढंच होऊ शकतं, वर साखर वाढली. एनर्जी ड्रिंकच्या वाटेला मुळीच जाऊ नकोस. थंड आणि गोड असल्यामुळे ते भरभर जातं आणि किती गेलं ते कळत नाही. आणि डोकं दुखलं की घ्यायच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकिटाच्या मागे वाचून घे.

आता काय करायचं ते. रात्रीचा मग आज बंद. दोन-तीन दिवस संध्याकाळी थोडं डोकं जड होईल, तेवढं सहन कर, पाणी पी, आणि साडेअकराला दिवा बंद कर. पहिल्या दोन रात्री झोप लागणार नाही, तरी आडवी हो. सकाळचा मग उठल्या उठल्या घेऊ नकोस. रिकाम्या पोटी घेऊन तुला जळजळ होत असेल, तू लिहिलं नाहीस पण होत असणार. काहीतरी खा आणि तासाभराने घे. चारचा मग अलीकडे ओढून दुपारी एकला आण. दर तीन-चार दिवसांनी मगात थोडी थोडी कमी करत दहा-बारा दिवसांत दोन्ही मगांचे साधे कप होऊ देत. म्हणजे दिवसाला दोन कप, दोन्ही दुपारी एकपर्यंत. परीक्षेपर्यंत एवढंच.

दुपारी एकच का? तुमचे पेपर दुपारी २ ला सुरू होतात, १.४५ ला वाचायला पेपर हातात येतो. जेवणानंतर सगळ्या जगाला पेंग येते नेमक्या त्याच वेळी तुला तीन तास लिहायचं असतं, आणि सहाव्या पेपरला तर चार तास. कॅफीनचा परिणाम अर्ध्या ते एक तासात भरात येतो. एकला घेतलेला कप दोनला तुझ्या बाजूने उभा राहील आणि रात्री झोपेच्या आड फारसा येणार नाही. पण हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नकोस. आतापासून रोज बाराला जेव, एकला कप घे, दोन ते पाच घड्याळ लावून पेपर सोडव. शरीराला ती वेळ ओळखीची होऊ दे. परीक्षेच्या दिवशी घरूनच छोट्या थर्मासमध्ये कॉफी ने, केंद्राबाहेरच्या गाड्यावर किती कडक मिळेल याच्यावर अवलंबून राहू नकोस. आणि आत जाण्याआधी बाथरूमला जाऊन ये, कॉफीने लघवीला लागते.

बाराचं जेवण आणि एकचा कप यांत एक तास ठेवला तो मुद्दाम. चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून त्याच पोषण संस्थेने जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास ती टाळायला सांगितलं आहे. डब्यावर राहणाऱ्या तुझ्या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं मी फार पाहिलं आहे. रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉइड बिघडलं तरी धडधडतं. सप्टेंबरात फक्त ईसीजी झाला असेल तर या दोन तपासण्या करायच्या का, हे डॉक्टरांना विचार. आणि दोन कपांवर आल्यानंतरही बसल्या जागी पुन्हा तसं धडधडलं, चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर माझं सगळं बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दाखव.

व्यसन आहे का, हा तुझा पहिला प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात कॅफीन सोडल्यावर होणारा त्रास अधिकृत निदान म्हणून आहे, तोच तुझा तीन दिवसांचा. कॅफीनच्या व्यसनाला मात्र त्यांनी निदानाचा दर्जा दिला नाही, पुढे अभ्यास करण्याच्या यादीत ठेवलं. तुझ्यापुरतं मी असं सांगेन. तू साडेचार महिने कॉफीशिवाय राहून दाखवलंस. शरीराला सवय लागली होती, ती तू एकदा उतरवलीस, हवी तेव्हा पुन्हा उतरवशील. परीक्षेनंतर जूनमध्ये वाटलं तर पुन्हा सोड, मजेत सोड. त्या वेळी हळूहळू कमी करत जा, आणि सोडण्याच्या दिवशीच परत सुरू करण्याची तारीखही वहीत लिही.

बाबांना फोन कर. त्यांच्याशी वाद घालू नकोस. मुलीच्या परीक्षेची काळजी पुष्कळ वडिलांच्या तोंडून अशीच कडवट होऊन बाहेर पडते. काळजी खरी असली तरी ते वाक्य चुकीचंच आहे, आणि चुकीचं आहे हे तुला कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांना म्हण, "बाबा, मी साडेचार महिने नेम पाळला, आता उद्यापन करते आहे."

आणि खरंच कर. या रविवारी, दुपारी एकच्या कपाला. तू स्वतः ओट्याशी उभी राहा आणि आधी त्या दोघींना दे, मग तुझा कप भर. तिघींना तीन साधे कप दूध, त्यात थोडं पाणी आणि साखर घालून उकळायला ठेव. उकळी आली की गॅस बारीक कर, कॉफी घाल, आणि शेवटी जायफळ. ते चिमूटभरच, जास्त झालं तर कडू लागतं आणि बाधतंही. पूड करून डबीत ठेवू नकोस, वास उडून जातो. अख्खं जायफळ आण, आणि दर वेळी किसणीच्या बारीक बाजूवर दोन-तीनदा फिरव.

तुझी,
ताई